थोरलीनं 'होय'वर खूण केली

विम्याच्या कचेरीत एकवीस वर्षं नुकसानभरपाईचे दावे तपासणाऱ्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा खोटा फॉर्म भरला, तो समुद्रावर लाटांशी खेळायला जाण्यासाठी.

घरात तिला थोरली म्हणत. दोन भाऊ, दोन जावा, मध्ये एक सामाईक जिना. वरच्या मजल्यावर थोरली आणि तिचा नवरा, खाली धाकटा दीर आणि त्याची बायको. ही धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा इतकी किडकिडीत होती की तिला बारकी हे नाव चिकटलं आणि छत्तिसाव्या वर्षीही सुटलं नाही.

कचेरीत थोरलीचा दरारा होता. आगीत फ्रिज जळाला म्हणून एकानं दावा केला, तर तिनं त्याच्या घराची वीज दोन महिन्यांपासून तोडलेली आहे हे शोधून काढलं. असली बाई सकाळी साडेअकराला टेबलापाशी बसून सर्फिंगच्या शाळेचा फॉर्म भरत होती. नवशिक्यांचा वर्ग, तीन दिवस, फळीचं भाडं त्यातच. प्रश्न सातवा : 'पन्नास मीटर पोहता येतं का?' बारकीच्या फॉर्मवर तिनं 'होय'वर खूण केली. ते खरं होतं, बारकी शाळेत पोहण्याच्या शर्यतीत उतरायची. मग स्वतःचा फॉर्म पुढे ओढला. थोरली आजवर गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरली नव्हती. तिनं आजूबाजूला पाहिलं, 'होय'वर खूण केली आणि पेनाचं टोपण घट्ट लावलं.

तिला भाग पडलं होतं. दिवाळीनंतर बारकीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. जखम भरली, पण माणूस काही भरून येईना. कामावर जाईना, जिना उतरेना, बोलली तर हो-नाही एवढंच. वॉर्डातल्या टीव्हीवर तिनं लाटेवर उभी राहिलेली माणसं पाहिली होती. चार महिन्यांत तिनं मागितलेली एकच गोष्ट म्हणजे तसं लाटेवर उभं राहायला शिकणं.

"पण एकटी नाही जाणार," ती म्हणाली. "ताई, तुम्ही आलात तरच. तुम्हाला पोहता येतं ना?"

"येतं की. लहानपणी शिकलेय," थोरली बोलून गेली. बारकी उठून बसली. तिचं ते उठून बसणं पाहिल्यावर शब्द मागे घेण्याची सोय उरली नाही.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. मग थोरलीनं कंबर कसली. गर्दीचा हंगाम संपल्यावर दर निम्मे होतात, म्हणून तो आठवडा धरला. दिवसाची साधी बस, सहा खाटांच्या खोलीतल्या दोन खाटा, पाण्यात घालायला घरातलेच जुने पायघोळ कपडे. दिरानं हा सगळा बेत लिहिलेला कागद वाचला आणि म्हणाला, "वहिनी, तिला तुमच्या भरवशावर पाठवतोय हं."

हातात पाच आठवडे होते. रोज सकाळी फिरायला जाते असं सांगून ती शहरातल्या पोहण्याच्या तलावावर जाऊ लागली. बायकांच्या बॅचमध्ये ती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात घाबरट. पहिला आठवडा नुसतं नाक बुडवण्यात गेला. नाकातोंडात पाणी जाई, ती खोकत बाहेर येई, केस पुसून कचेरी गाठी. एकदा नवरा म्हणाला, "तुझ्या केसांना संडास धुवायच्या औषधाचा वास येतोय."

"ऑफिसात नवीन फिनेल आणलंय," ती म्हणाली. एका खोट्याला दुसरं जोडलं गेलं.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी ती तलावाची रुंदी पार करू शकली. बारा मीटर. पलीकडे पोचताच तिनं कडेची दांडी अशी धरली की बोटं पांढरी पडली. शिकवणाऱ्या बाई वरून बघत होत्या. "छान," त्या म्हणाल्या. "पण समुद्रात कडेला दांडी नसते."

बसमध्ये बारकी खिडकीशी बसली आणि अख्खा प्रवास बडबडत राहिली. थोरली नुसती मान डोलवत होती. सांगावं का आत्ता? पुढच्या थांब्यावर सांगू. तो थांबा गेला, त्याच्या पुढचाही गेला.

किनाऱ्यावर सहा शिकाऊ होते. शिकवणारी उंच, सडपातळ, उन्हानं रापलेली बाई होती, गळ्यात शिट्टी. तिनं सगळ्यांना वाळूत बसवलं.

"फॉर्मवर सगळ्यांनी होय लिहिलंय. तरी विचारते. पोहता न येणारं कोणी आहे? लाजू नका, त्यांना मी वेगळं शिकवते."

थोरलीचा हात मांडीवरून बोटभर उचलला गेला. शेजारी बारकी वाळूत पायाची बोटं रुतवून हसत होती, कुणासाठी नाही, आपली आपणच. हात परत मांडीवर आला.

वाळूवर फळ्या ठेवून तासभर सराव झाला. पालथं पडायचं, तळहात छातीशी टेकायचे, एका दमात उभं राहायचं. थोरलीला ते बऱ्यापैकी जमलं आणि तिला वाटलं, निभावेल. मग फळीची दोरी घोट्याला बांधून सगळे पाण्यात शिरले. कमरेइतकं पाणी. फुटलेल्या लाटांचा फेस येऊन आदळत होता. पहिली लाट गेली, दुसरी गेली. तिसरीच्या मागोमाग थोरलीनं एक पाऊल पुढे टाकलं आणि पायाखाली वाळूच नव्हती.

तिथं एक खळगा होता. हातभरच खोल, पण तिचं डोकं बुडायला तेवढा पुरला. लाटेनं फळी ओढली, दोरीनं पाय ओढला. तलावात शिकलेलं सगळं एका क्षणात पुसलं गेलं. हाताला काहीतरी लागलं. ते तिनं दोन्ही हातांनी कवटाळलं आणि त्यावर चढायला लागली. ती बारकीची मान होती.

पाण्याखाली बारकी धडपडत होती, तिचे कोपर थोरलीच्या बरगड्यांत बसत होते, आणि थोरलीला सगळं कळत होतं. आपण हिला बुडवतोय हे कळत होतं. हात मात्र सुटत नव्हते. शिट्टी ऐकू आली. कुणीतरी तिची बोटं एकेक करून उलगडली, काखेत हात घातला आणि तिला उजेडात ओढलं.

वाळूवर बारकी गुडघ्यांवर बसून खोकत होती. एक हात पोटावर, ऑपरेशनच्या जागी दाबलेला. थोरली त्या हाताकडेच बघत राहिली.

शिकवणारीनं आधी बारकीला तपासलं. दुखतंय का, कुठं, श्वास नीट येतोय का. टाके कधीच विरघळलेले होते, जागा ठणकत नव्हती. तिनं ती नुसती घाबरून धरली होती. मग ती बाई थोरलीकडे वळली. "तुम्हाला पोहता येत नाही."

"बारा मीटर येतं," थोरली म्हणाली, आणि स्वतःचं बोलणं ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी खोलीत दोघीच होत्या. बारकी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोरली तिच्या पायाशी बसून राहिली. जेवण तसंच पडलं होतं. शेवटी बारकीच उठली.

"का केलंत असं?"

"तू आली नसतीस ना."

"ऑपरेशनच्या आधीही असंच. सगळ्यांनी मला सांगितलं, किरकोळ आहे. तुम्ही तर खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि सांगितलंत. इतरांचं सोडा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. शुद्धीवर आले तर पोटावर वीतभर टाके."

"तू घाबरली असतीस गं."

"घाबरले असते तर घाबरले असते! माझंच पोट होतं ना?"

इतक्या वर्षांत बारकीनं तिच्यापुढे आवाज चढवला नव्हता. खाली रस्त्यावर कुणीतरी फळ्या धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"आणखी काही लपवलंय?" बारकीनं विचारलं.

"फिरायला नव्हते जात. तलावावर जायचे. आणि ऑफिसात नवीन फिनेल आणलेलं नाही."

बारकीचे ओठ हलले. पण तिनं हसू दाबलं आणि परत भिंतीकडे वळली.

संध्याकाळी दिराचा फोन आला, थोरलीच्याच फोनवर. "काय वहिनी, मजेत ना?"

'मजेत' हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता. बारकी खाटेवरून तिच्याकडे टक लावून बघत होती. थोरलीनं श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. पोहता येत नव्हतं, खोटं लिहिलं, माझ्यामुळे ती पाण्याखाली गेली. पलीकडून दीर इतका ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "उद्या सकाळच्या पहिल्या बसनं निघा! दोघीही! तुमच्या भरवशावर पाठवली होती मी!"

बारकीनं हात पुढे करून फोन घेतला. "मी बोलतेय. मला काही झालेलं नाही. आम्ही परवाच येणार, ठरल्याप्रमाणे." थोडं ऐकून घेतलं. "नाही. मला विचारशील तर मी सांगेन ना. ताईंना काय विचारतोस?" तिनं फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी शिकवणारीनं थोरलीला हद्द आखून दिली. गुडघ्याच्या वर पाणी आलं की बाहेर. थोरलीनं मुकाट्यानं ऐकलं आणि लहान मुलासारखी कडेकडेनं फेसात पालथी पडून वाळूपर्यंत घसरत येत राहिली. नजर सगळी लांब आत, जिथं बारकी पडत होती, उठत होती, परत पडत होती. दर वेळी डोकं वर येईपर्यंत थोरलीचा श्वास अडकून राहायचा. हाक मारावीशी वाटायची. तिनं एकदाही मारली नाही.

तिसऱ्या दिवशी, निघायला तासभर उरला असताना बारकी उभी राहिली. फळी पुढे आली, तीन सेकंद, चार, मग ती आडवी पाण्यात. फेसातून धडपडत ती थेट थोरलीपर्यंत आली. केस तोंडावर चिकटलेले, डोळे लाल.

"पाहिलंत? कशी दिसत होते? खरं सांगा."

थोरलीनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"खरं सांगू? बेडकीसारखी. गुडघे वाकलेले, तोंड उघडं आणि मागचा भाग आभाळाकडे."

बारकी क्षणभर बघत राहिली आणि मग कमरेत वाकून खदखदा हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले, फळी काखेत मारली आणि म्हणाली, "थांबा इथंच. परत जाते."