मावशीच्या नावापुढचा अंगठा

माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली तेव्हा मी हसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणावर चिडले तर वाचणाऱ्यानं मला साव समजू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते. एक दिवस ऑर्डर आली, की उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे गाठून समज देण्यासाठी गावात पथक नेमलं आहे आणि शिक्षिका म्हणून त्यात माझं नाव आहे. पथकाचं नाव ‘गुड मॉर्निंग’. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा पहाटे वाळूत उकिडवं बसवून कुणीतरी समोरून गुड मॉर्निंग म्हणायला हवं होतं.

पथकात आम्ही तिघं. एक ग्रामसेवक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. दुसरी मी. आणि तिसरे काका. काका म्हणजे मुंबईत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन आमच्या किनाऱ्यावर बंगला बांधून राहिलेले गृहस्थ. बाकीचे बंगलेवाले शनिवारी मांडव्याला बोटीतून उतरत आणि रविवारी परत जात. काका मात्र बारा महिने इथंच. गावाला वळण लावायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. गावानं त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं, पण पांढऱ्या बुटांच्या माणसाला नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

मीही काही वेगळी नव्हते. माझं माहेर आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीवाल्यांचं. आमच्याकडे कोळीवाड्याचं नाव निघालं की बायका नाकाला पदर लावत आणि संध्याकाळी त्याच नाकानं कालवणाचा वास घेत ताटावर बसत. त्या लोकांना स्वच्छतेचं वावडं असतं, हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले. नोकरी लागली, समुद्राकाठी बदली झाली, बी.एड. झालं, तरी ते शिकलेलं काही पुसलं गेलं नाही.

कोळीवाड्यात प्रत्येक घरामागे शौचालय बांधून दिलेलं होतं. आम्ही पाहणी केली तेव्हा बहुतेकांत जाळी टांगलेली, ती पाण्यावर तरंगती ठेवणारी बोयरी रचलेली. काकांनी दार उघडून दाखवावं आणि म्हणावं, “बघा मॅडम. फुकट मिळालेल्याची किंमत नसते ती ही अशी. लायकीच नाही यांची.” भाऊसाहेबांनी मान डोलवावी. मीसुद्धा डोलवली.

पहिल्याच पहाटे सुरूच्या बनापलीकडे एक बाई दिसली. काकांनी मला कोपरानं खूण केली आणि मी शिट्टी फुंकली. ती दचकून उठली, एका हातात टमरेल, दुसऱ्या हातानं लुगडं सावरत, गुडघ्यानं दगा दिल्यामुळं अर्धीच उभी. तेवढ्यात काकांनी मोबाईलवर फोटो काढला. भाऊसाहेबांनी ठरल्याप्रमाणे झेंडूचं फूल पुढं केलं. लाज वाटावी म्हणून फूल द्यायचं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं.

जवळ गेल्यावर मी तिला ओळखलं. ती मावशी होती. एक दिवसाआड पाटी घेऊन शाळेवरून जायची आणि माझ्यासाठी ताज्या मांदेलीचा वाटा बाजूला ठेवायची. तिनं काकांकडे बघितलं नाही, भाऊसाहेबांकडे बघितलं नाही.

“शिट्टी तू वाजवलीस?” तिनं मला विचारलं. कोळीवाड्यात लहान-मोठं सगळ्यांनाच ‘तू’.

“ऑर्डर आहे, मावशी,” मी म्हटलं.

परत येताना आम्ही काकांच्या बंगल्यामागून आलो. कंपाउंडच्या भिंतीतून हातभर जाडीचा पाइप बाहेर काढलेला आणि त्यातून काळं पाणी थेट वाळूवर. त्या वासापुढं कोळीवाड्यातली माशांची वाळवणं म्हणजे अत्तर. मी थांबले. काका म्हणाले, “ते सांडपाणी आहे हो. टाकी भरली की थोडं येतं.” भाऊसाहेबांना एकाएकी समुद्रातल्या बोटी मोजाव्याशा वाटल्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. शिट्टी माझ्याच गळ्यात होती. फुंकायला कुणी अडवलं नव्हतं.

काकांनी तो फोटो बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याच्या खुणा आणि जागृतीबद्दल दोन वाक्यं. चेहरा अर्धाच दिसत होता, पण लुगडं आणि बांधा सगळ्यांच्या ओळखीचा. मावशीचा धंदा बंगल्यांवरच चाले. दारात बसून मासे कापून, धुऊन देणारी ती एकटीच उरली होती. त्या आठवड्यापासून गेटवरचे वॉचमन तिला आत सोडेनात. एका बंगल्यातल्या बाईंनी वॉचमनकरवी निरोप दिला, की त्याच हातांनी मासे कापतेस, आम्हाला नको. काकांच्या मिसेसनीही घेणं बंद केलं. त्यांच्या पाइपाचं पाणी ज्या वाळूवर पडत होतं ती तुडवत मावशी बाजारापर्यंत चालत जाऊ लागली, ते दुखरे गुडघे घेऊन.

मी तिच्यासमोर जायचं टाळत होते. पुनवेच्या सुमाराला तीच शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. “चल,” म्हणाली. “तुना एक दाखवतंय.”

मधली सुट्टी होती आणि समुद्राला उधाणाची भरती. तिनं मला घरामागं नेलं आणि शौचालयाचं दार उघडलं. भांडं काठोकाठ भरलेलं होतं. पाणी खालून वर येत होतं, आणि नुसतं पाणी नव्हे, आत गेलेलं सगळं त्याच्याबरोबर वर येऊन लादीवर पसरत होतं. जाळी वर खुंटीला होती, म्हणून तेवढी वाचलेली.

“कोलीवाडा वालूवर हाय,” मावशी म्हणाली. “हातभर खनलं का पानी लागतं. त्यात यांनी खड्डा मारला. आमोशा-पुनवेला असंच येतं. पावसात तर रोज.”

मी पदर नाकाला लावला होता. तिनं तो बघितला.

“बस,” ती म्हणाली. “आता इथं बसून दाखव. तू मास्तरीन, तुना कलतं. बस.”

मी जागची हलले नाही. इतकी वर्षं खारं वारं अंगावर घेऊन माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, की माझ्या माहेरच्या तांबड्या मातीत जो खड्डा कोरडा राहतो तो इथं समुद्राच्या पोटात उघडतो. भाऊसाहेबांच्याही डोक्यात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी खड्ड्याच्या नकाशावर ज्याची सही असते त्याला तिथं बसायचं नसतं.

मावशीला तोडगा माहीत होता. जमिनीच्या वर बांधलेली पक्की टाकी हवी. “गवंड्याला समजतंय, सायबाला समजत न्हाय,” ती म्हणाली. तिला बाकी काही नको होतं. फोटोबद्दल ती बोलली नाही, बंगल्यांबद्दल बोलली नाही. शौचालय चालत नाही एवढं एकदा कागदावर यावं, म्हणजे दुसरं मागता येईल. “तुझं अक्षर चांगलं हाय. तू लिव.”

“लिहिते,” मी म्हटलं. मी लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत राहिले. भाऊसाहेबांना काय वाटेल याचा विचार करत राहिले, कारण माहेराजवळ बदली मिळावी म्हणून मी अर्ज केलेला आणि ते वरच्यांच्या कानावर घालतो म्हणाले होते.

मग तपासणीची तारीख आली. गाव हागणदारीमुक्त जाहीर व्हायचं तर प्रत्येक घराचा एक छापील कागद लागत होता. माझ्या घरी शौचालय आहे, ते चालू स्थितीत आहे आणि घरातील सर्व व्यक्ती त्याचा नियमित वापर करतात. खाली सही किंवा अंगठा. रेशन अडेल, दाखले अडतील असं काहीबाही भाऊसाहेब जाता-येता बोलले आणि कोळीवाड्यानं मुकाट्यानं सह्या दिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एक मावशी तेवढी देईना.

“एका म्हातारीपायी गाव अडलंय,” भाऊसाहेब म्हणाले.

काकांना त्यांचा शब्द सापडला होता. “ही असामाजिक वृत्ती आहे, मॅडम. चांगल्याला विरोध करायचा म्हणजे करायचा. गरिबी वेगळी आणि हे वेगळं.”

मला पाठवलं, कारण माझं ती ऐकेल असं त्यांना वाटलं. मी कागद आणि शाईचं पॅड घेऊन गेले. मावशी ओट्यावर कोळंबी सोलत होती. तिनं कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. “चालू स्थितीत” हे शब्द जरा घाईनं, पण वाचले.

“जे न्हाय ते हाय कसं सांगू?” ती म्हणाली. “यावर अंगठा लावला का मंग दुसरं कुनाकडं मागू? तू लिवनार व्हतीस.”

“लिहिते, मावशी. हे झालं की लिहिते.”

तिनं सुनेला चहा टाकायला सांगितला. मी तो पिऊनही आले.

शाळेत परतले तेव्हा मुलं घरी गेली होती. कागद टेबलावर, पॅड टेबलावर. भाऊसाहेबांचा फोन आला. झालं का म्हणाले, सकाळी टीम येतेय, आणि हो, तुमच्या बदलीचं मी बोललोय. माझा हात कुणी धरला नाही, गळ्यावर सुरी ठेवली नाही. मी झाकण उघडलं, माझा अंगठा शाईत दाबला आणि मावशीच्या नावापुढं उठवला. मग हात साबणानं धुतले आणि दुसऱ्या दिवसाच्या गृहपाठाच्या वह्या तपासल्या.

भाऊसाहेबांनी सकाळी कागद बघितला, मग माझा अंगठा बघितला. नखाच्या कडेला निळं राहिलेलं. “वा बाई,” म्हणाले. “काम केलंत.” बस्स. वाळूत बसणाऱ्या म्हातारीसाठी आमच्याकडे शिट्टी होती, फूल होतं, कॅमेरा होता. सरकारी कागदावर खोटा अंगठा उठवणाऱ्या मास्तरणीला वा बाई. गावाच्या वेशीवर फलक लागला. काकांनी भाषण केलं, त्यात पथकातल्या सेवाभावी शिक्षिकेचा उल्लेख होता. टाळ्या पडल्या.

मावशी पहाटे बनातच जात राहिली. आता नियमानं गाव मुक्त झालेलं, त्यामुळं तिला हटकायला कुणी येईना. कागदावर ती घरचंच शौचालय वापरत होती. माझ्या बदलीचं मात्र काही झालं नाही.

पुढच्या वर्षी नवीन काम आलं. ज्यांची शौचालयं निकामी आहेत त्यांना उंचावर टाकी बांधून मिळणार होती, अगदी मावशी म्हणत होती तशी. पोषण आहाराच्या कागदांसाठी मी ग्रामपंचायतीत गेले होते आणि मावशी तिथं आधीच येऊन उभी. टेबलामागं भाऊसाहेब, शेजारच्या खुर्चीत काका. ते आता कसल्याशा समितीवर होते.

“तुझं बसत नाही यात,” भाऊसाहेब तिला सांगत होते. “तूच लिहून दिलंयस, चालू आहे म्हणून. हा बघ तुझा अंगठा.”

मावशीनं कागद घेतला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं फक्त अंगठा बघितला, बराच वेळ.

“यो माझा न्हाय,” ती म्हणाली.

“मग कुणाचा?” काका हसले.

ती टेबलापाशी आली. भाऊसाहेबांचं पॅड उघडं होतं. तिनं अंगठा त्यावर दाबला आणि कागदाच्या कोऱ्या कडेवर टेकवला. निळा डाग उमटला, रेघ एकही नाही.

“जल्मभर कोलंबी सोलली,” ती म्हणाली. “रेघा हायत कुठं? रेशनची मशीन मना वलखत न्हाय, सून जाते म्हनून घरात दाना येतो. आन् यो बगा. कशा एकेक रेघा मोजून घ्याव्या. यो काम न केलेला अंगठा हाय.”

भाऊसाहेब फाईल लावू लागले. मी हातातले पोषण आहाराचे कागद छातीशी धरले, अंगठे आत.

“हे असंच असतं,” काका मला म्हणाले. “स्वतःचा अंगठासुद्धा नाकारायचा. मॅडम, तुम्हीच गेला होतात ना हिच्याकडे? तुमच्यासमोर लावला ना हिनं?”

मावशी माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. अजून थोडी आशा होती, आणि तीच माझ्यानं बघवेना.

“हो,” मी म्हटलं. “माझ्यासमोर.”

तिनं कागद टेबलावर ठेवला, पदराला अंगठा पुसला, दाराबाहेर ठेवलेली पाटी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून गेली. बांधायच्या टाक्यांच्या यादीत सह्या दिलेल्या बाकीच्या घरांवर आधीच रेघ होती; भाऊसाहेबांनी तिच्याही घरावर मारली.

“चोर तर चोर, वर शिरजोर,” तिच्या पाठीमागे काका म्हणाले. ते तिच्याबद्दल बोलत होते.