हिरव्या रंगातलं नाव

आमच्या गुजराती शहरातल्या अलकापुरी भागात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. नंदेसरीच्या कारखान्यांतले सुपरवायझर, लहरीपुऱ्याच्या बाजारातला एक साडीवाला, परदेशी निघालेल्या मुली. घरोघरी ब्रॉडबँड यायला लागलं तेव्हा मी त्यांच्यासाठी इंटरनेटवर सगळ्यांचं मिळून एक पान केलं. आपापल्या घरून त्यात इंग्रजीत लिहायचं, एकमेकांच्या चुका सुधारायच्या. पान जो उघडेल त्याचं नाव रंगीत चौकटीत दिसायचं आणि त्याच रंगाचा कर्सर ओळींतून फिरायचा.

हिरवा रंग काकांचा; वर्गातले सगळे त्यांना काकाच म्हणत. रिफायनरीतून निवृत्त झालेले काका अमेरिकेतल्या नातीशी बोलता यावं म्हणून शिकत होते. लिहायचे ते फक्त वर्तमानकाळात. मी टोकलं की म्हणायचे, "भूतकाळ नंतर बघू, मॅडम. माझं सगळं अजून चालूच आहे."

हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी मी पानावर कुणाचं तरी लिखाण तपासत होते. तेवढ्यात वर हिरवी चौकट उमटली. काकांचं नाव. हिरवा कर्सर त्यांच्या शेवटच्या परिच्छेदापाशी येऊन थांबला आणि लुकलुकत राहिला. मग गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. वर्गातल्या एका मुलीचा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला, "मॅम, काका ऑनलाइन छे!"

"अगं, घरातलं कुणीतरी कॉम्प्युटर लावत असेल," मी म्हणाले. मला ते पटतही होतं. तरी फोन ठेवल्यावर मी पुन्हा पानाकडे वळले. मी पानावर इंग्रजीत विचारलं, कोण आहे? हिरवा कर्सर दचकल्यासारखा हलला. काही अर्थ नसलेली अक्षरं उमटली आणि एकेक करून पुसली गेली.

त्याच संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं.

"या बाई, बसा ने."

मी दुपारचं सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. "मुलानं अमेरिकेहून फोनवर सांगितलंय तशी बटणं दाबते मी. यांचं ते पान आपोआप उघडतं. मला कुठलं इंग्रजी येतंय? पण त्यात शब्द हलतात. यांच्याशी कुणी बोलतंय असं वाटतं." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही भ्यालात?"

"हो."

"मीपण. आज समोर आपोआप अक्षरं यायला लागली ना, मला वाटलं…"

त्यांनी कॉम्प्युटर लावून पान उघडलं आणि काकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवा, म्हणाल्या. मी मराठी करून सांगत गेले. नातीला दात येतायत. मला मेथी आवडत नाही. माझी बायको समुद्राला घाबरते.

"खोटं!" काकू ताठ झाल्या. "दमणला मी कमरेएवढ्या पाण्यात गेले होते. हे चपला हातात धरून वाळूत उभे! बदला ते."

मी हात पुढे केला आणि थांबले. या कॉम्प्युटरवरून जे काही बदलेन ते काकांच्याच नावानं बदलणार होतं. काकूंना तसं सांगितलं. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मग राहू द्या त्यांचं. खाली माझं लिहा. नाही, मीच लिहिते."

मी एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी शोधून शोधून दाबलं. मला भीती वाटत नाही, एवढंच वाक्य. ते पुरं होत होतं तेवढ्यात पानावर लाल चौकट आली. फोन करणारी ती मुलगी. लाल कर्सर ओळीशेजारी येऊन खिळून राहिला. मला वाटलं, ही आता किंचाळत पळणार. पण जरा वेळानं वाक्यापुढे एक पूर्णविराम उमटला.

"हे कुणी केलं?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठल्या.

पुढे दुपारी त्या पानावर येत राहिल्या, काकांच्याच नावानं. कुणी त्यांना नाव बदला म्हटलं नाही. उन्हाळ्यात मुलानं त्यांना अमेरिकेला नेलं आणि कॉम्प्युटर विकून टाकला. त्यानंतर हिरवी चौकट कधी दिसली नाही.

नव्या वर्गाला मी कोरं पान करून दिलं. जुनं मात्र कित्येक दुपारी उघडून बसायचे. काही लिहीत नसे. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू असायचे, आणि पानावर माझा एकटीचा कर्सर लुकलुकत असायचा.