मी काढलेली खरखर

माणसाने विश्वास ठेवावा तरी कुणावर, सांगा बघू? स्वतःच्या कानावर, की बाजारातून आणलेल्या यंत्रावर? घाईने उत्तर देऊ नका, आधी चहा घ्या. मी केलेला गाढवपणा ऐका आणि मग काय ते बोला.

डिचोलीच्या बाजारात माझं नारळाचं दुकान. शाळेत मी फारसा रमलो नाही, पण नारळ कानाशी धरून हलवला की आत पाणी किती, खोबरं कसं, झाड कुठल्या वाडीतलं, सगळं सांगतो. झाडाचं जरा जास्त झालं, पण नार्व्याचा नारळ मला मुळगावचा म्हणून कुणी विकू शकणार नाही. आयुष्यभर कानाच्या जोरावर धंदा केला. तोंडघशी पडलो तोही कानामुळेच!

माझे सासरे पेडण्याकडचे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. तरुणपणी ते गावच्या आरती मंडळात कांसाळें वाजवायचे. कांसाळें म्हणजे आपली मोठी झांज. घुमट आणि शामेळ या तालवाद्यांबरोबर ती खणखणली नाही तर चवथीची, म्हणजे गणपतीची, आरती चढतच नाही. त्या मंडळाची मुंबईत एक रेकॉर्ड निघाली होती. कव्हरवर फोटो गाणाऱ्याचा, नाव गाणाऱ्याचं, आणि खाली बारीक अक्षरात 'आणि मंडळी'. मामा त्या 'आणि मंडळी'त!

उभ्या आयुष्यात त्यांनी मिरवलं ते एवढंच. घरी पाहुणा आला की रेकॉर्ड लागायची आणि मामा बोट वर करून म्हणायचे, "आयकलें? तो हांव." तो मी! घुमटवाले आबा, म्हणजे मामांचे चुलतभाऊ, लगेच टोमणा मारायचे की तुझं कांसाळें कसलं, ती सुईची खरखर. दोघांचं हे भांडण मी लग्नाच्या आधीपासून ऐकत आलो.

मामांचा जुना प्लेअर बंद पडला तेव्हा रेकॉर्ड आमच्याकडे आली. आणि मला छंद लागला. छंद कसला, रोगच! पणजीहून नवा टर्नटेबल आणला. त्याचा हात इतका हलका, की सुई रेकॉर्डवर टेकते की नुसती विचारपूस करते, कळू नये. सुई नवी, धूळ झाडायचा बारीक केसांचा ब्रश नवा. रेकॉर्ड मी डिस्टिल्ड पाण्याने अशी धुतली, की तेवढ्या मायेने मी कधी स्वतःची पाठ घासली नसेल. बायको, सुलभा, एवढंच म्हणाली, "बाबांची आहे. जपून." मी तिला धुळीवर व्याख्यान दिलं.

एवढं करून खरखर गेली का? उलट जास्त स्वच्छ ऐकू यायला लागली!

एक गोष्ट मात्र माझ्या या हुशार कानांनी टिपली. आरती संथ असते तेव्हा खरखर कमी, आणि आरती चढली की खरखरही चढते. तुम्ही असता तर काय समजला असता? मी समजलो, लोकांनी तेवढाच भाग पुन्हापुन्हा वाजवून झिजवलाय. शेवटी एक जुना अॅम्प्लिफायर मिळाला. त्याला खरखर गाळायचं बटण होतं. ते दाबलं, वरच्या पट्टीचा आवाज कमी करायची कळ पार शेवटापर्यंत पिळली, आणि काय सांगू, रेकॉर्ड लोण्यासारखी मऊ झाली! घुमट असा घुमायला लागला, की दुकानातले नारळ हलावेत.

या पराक्रमाला साक्षीदार नकोत? एका रविवारी मामांना आणि आबांना गाडी पाठवून आणलं. उंडे पाव आणले, पातळ भाजी केली, शेजाऱ्यांना बोलावून बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, खुर्च्या मांडल्या. मी छोटंसं भाषणही केलं.

रेकॉर्ड सुरू झाली. मामा डोळे मिटून बसले होते. मांडीवर त्यांचे दोन्ही हात हवेतलं कांसाळें धरून तयार. आरती चढली, हात हलले, पुन्हा हलले, आणि मध्येच थांबले.

"माजें कांसाळें खंय गेलें?" त्यांनी विचारलं.

आबांना तर आयतीच संधी. "तू वाजयतालो रे," ते म्हणाले, "पूण मायकान तुका घेतलोच ना."

सगळे हसले. इथे मी गप्प राहिलो असतो तर? पण शेजारी बसले होते, यंत्र नवं होतं. मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, "मामा, हे यंत्र खोटं बोलत नाही. रेकॉर्डवर जे आहे, तेवढंच ऐकवतं."

ऐकलंत? हे वाक्य माझं.

मामांचा उंडा बशीत तसाच राहिला. निघताना त्यांनी सुलभेला हळूच विचारलं, मग आजपर्यंत सगळ्यांना मी खोटंच सांगत आलो की काय?

काही दिवसांनी अॅम्प्लिफायर पुसताना सुलभेच्या हाताने ती कळ फिरली आणि बटणही सुटलं. रेकॉर्ड चालू होती. आतून असं कांसाळें खणखणलं, की मी हातातला चहा सांडला. अहो, आरतीबरोबर चढायची ती खरखर नव्हतीच! ते माझे सासरे होते! मी त्यांना गाळून फेकून दिलं होतं.

सुलभा रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "नारळ ओळखता ना तुम्ही?" आणि आत गेली.

टर्नटेबल, अॅम्प्लिफायर, स्पीकर, सगळं पिकअपमध्ये घालून मी तडक पेडण्याला गेलो. आबांनाही बोलावून घेतलं. बटण दाबून दाखवलं, सोडून दाखवलं. कांसाळें गेलं, कांसाळें आलं. लहान मुलालाही समजेल असं समजावलं. आबांनी तर चक्क कबुली दिली, "आसा रे. तुजेंच तें. हांव मस्करी करतालों."

उभ्या आयुष्यात आबा पहिल्यांदा मामांच्या बाजूने बोलले. आणि घात तिथेच झाला! ज्या माणसाने जन्मभर नाही म्हटलं, तो आज हो म्हणतोय, म्हणजे नक्कीच कीव करतोय, असं मामांना वाटलं. ते माझ्याकडे बघून हसले. राग नव्हता हो, राग असता तर मी पाय तरी धरले असते.

"कित्याक त्रास घेतलो, जांवयबाब?" ते म्हणाले. "यंत्राक काडूंक येता, तर घालूंकय येता."

यंत्राला आवाज काढता येतो, तर नसलेला घालताही येतो! यंत्र खोटं बोलत नाही, हे मीच सांगितलं होतं. मग ते खोटं बोलतं, हे बटण दाबून दाखवणाराही मीच!

त्या वर्षी चवथीला मामांनी कांसाळें खुंटीवरून काढलं नाही. हात दुखतात म्हणाले. पुढच्या चवथीला ते राहिलेच नाहीत.

रेकॉर्ड अजून माझ्याकडे आहे. ते बटण मी डिंक भरून कायमचं बंद करून टाकलंय. कुणी आलं की रेकॉर्ड लावतो आणि बोट वर करून सांगतो, ऐकलंत? ते माझे सासरे. गेल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक मान डोलवत म्हणालं, "छान आहे हो. पण खरखर फार. काही इलाज करा की!"

हसा, हसा. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. हा किस्सा तुम्ही पुढे सांगालच, तेव्हा हिशेब प्रामाणिक ठेवा. गाढवपण सगळं माझ्या नावे मांडा, त्यात सूट नको. आणि 'आणि मंडळी' म्हणून थांबू नका. कांसाळें मामांच्या नावावर जमा करा.