कोकमासाठी पाच फोन

माझ्या मूर्खपणाची गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही लिहवणार नाही. त्या दिवशी मी माझ्या धाकट्या भावाला, दत्तूला, लागोपाठ पाच फोन केले. तो मोटारसायकलवर आहे हे मला ठाऊक होतं. "आत्ताच निघालेत तुमच्याकडे, वन्सं" असं भावजयीनं सांगितलं होतं. तरी केले. कशासाठी, तर गॅसवर जिताडा माशाचं कालवण चढलं होतं आणि घरातलं कोकम संपलं होतं. चार वेळा त्यानं उचलला नाही. पाचव्यांदा उचलला आणि एका दमात बोलला, "बाय, काय झालं? छातीत दुखतंय काय?" मी म्हटलं, "माझी छाती ठणठणीत आहे. येताना कोकम आण." तो पलीकडून हसला. "म्हातारी झालीस, पण शहाणी काय न्हाय झालीस. आणतो. ठेव." मी ठेवला. वीसेक मिनिटांनी फोन वाजला, वर दत्तूचंच नाव. उचलता उचलताच मी विचारलं, "मिळालं का रे?" पलीकडचा आवाज अनोळखी होता. "काकी, हा फोन कुणाचा हाय? शेवटचा नंबर तुमचा दिसला, म्हणून लावला."

त्याला आता सहा आठवडे होतील. गाडीवर असताना दत्तू फोन उचलत नाही, हे आमच्या साऱ्या गोतावळ्याला पाठ होतं. फोन खिशात वाजत राहायचा आणि घरी पोचल्यावर, पाणी पिऊन, मग तो उलटा फोन करायचा. माझ्यासाठी मात्र गेल्या वर्षी त्यानं एक वेगळी व्यवस्था केली होती. माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, मी घरी आले, तेव्हा खाटेजवळ खुर्ची ओढून तो म्हणाला होता, "बाय, एकदा फोन केलास तर मी पोचल्यावर करीन. पण परत परत वाजला, तर समजेन जीव घाबरा झालाय. असेन तिथं थांबेन." मी ही गोष्ट विसरले होते असं म्हणायची सोय असती, तर मी आनंदानं म्हटलं असतं. पण मला आठवत होतं. चांगलं आठवत होतं. उलट दुसऱ्यांदा नंबर लावताना मनात थोडी गंमतच होती, की बघू तरी हा खरंच थांबतो का... अडुसष्टाव्या वर्षी माझी थट्टेखोर खोड गेली नव्हती. त्या दिवसानंतर ती गेली.

ही खोड जुनी. मी बावीस वर्षांची होते तेव्हा स्वतःला फार देखणी समजायचे. या समजुतीला दुजोरा देणारं माणूस गावात एकही नव्हतं. स्थळांना दाखवायला फोटो हवा म्हणून उरणला जायचं ठरलं. दत्तू एकोणीस वर्षांचा, चुलत्यांची जुनी मोटारसायकल त्यानं मागून आणलेली. मी नवं लुगडं नेसून मागे एका बाजूला बसले आणि फोटोत काळी दिसू नये म्हणून डोक्यावर छत्री धरली. उघडी छत्री, धावत्या गाडीवर! मिठागरांच्या बांधावरच्या रस्त्याला लागलो आणि खाडीवरून वारा आला. छत्री उलटी झाली. मी छत्रीला सोडेना, छत्री मला सोडेना, आणि गाडीसकट आम्ही दोघं मिठागराच्या पाण्यात. गुडघे, कोपरं सोलवटलेली आणि वरून मिठाचं पाणी. मी जी बोंब मारली ती ऐकून पलीकडे मीठ ओढणारी माणसं फळ्या टाकून धावत आली. आम्ही तरी फोटो काढलाच. माझं लग्न ज्या फोटोवर ठरलं त्यात मी जराही हसत नाही, कारण पदराखाली कोपर झोंबत होतं. सासरच्यांना वाटलं, मुलगी गंभीर स्वभावाची आहे. बिचारे. परत येताना मी दत्तूला म्हटलं, "घरी सांगू नको रे, छत्री मी उघडली होती." तो म्हणाला, "चूक माझी होती. छत्री दिसली तवाच मी गाडी थांबवायला पायजे होती." तेव्हा मला हे फार सोयीचं वाटलं होतं. आज त्या वाक्यानं झोप उडते.

मला वाटतं, तो सावध झाला तो त्या दिवसापासून. पुढे त्यानं मिठाचे ट्रक चालवले, इथं बंदर आल्यावर कंटेनरचे ट्रेलर. जन्मभर मोठ्या गाडीच्या केबिनमध्ये बसला आणि खालून जाणाऱ्या मोटारसायकलींकडे बघून जन्मभर धास्तावला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन देवळापुढे उभ्या राहतात, झेंडूच्या माळा, लिंबं, नारळ. दत्तू आपला ट्रेलर घेऊन यायचा आणि ज्यानं नवी मोटारसायकल घेतली असेल त्याला केबिनमध्ये चढवायचा. त्याचीच गाडी ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाशी उभी करायची आणि विचारायचं, "दिसते का रे?" आरशात बघा, काचेतून वाकून बघा, गाडी दिसायची नाही. "माळ घातलेली गाडी दिसत न्हाय तुला, मग ड्रायव्हरला तू काय दिसणार? आणि ट्रेलर वळतो तवा तोंड पुढं जातं, शेपूट कोपरा कापत येतं. त्या कोपऱ्यात कधी उभं राहायचं न्हाय. कधीच न्हाय." मग तो खाली उतरून पहिलं कुंकू हेल्मेटला लावायचा. त्याची लेक प्रणिता अठरा वर्षांची झाली तेव्हा तिलाही चढवलं. मीही एकदा लुगडं खोचून चढले आणि म्हटलं, "नाही दिसत तेच बरं, तुझ्या गाडीचा रंग फार वाईट आहे." सगळे हसले. तो नाही हसला.

त्याच्या टोकण्याला आम्ही कंटाळायचो, हे खरं लिहिलं पाहिजे. कुणी हेल्मेट कोपरात अडकवून निघालं की म्हणायचा, "डोकं कोपरात असतं काय तुझं?" पट्टा लावला नसेल तर स्वतः जाऊन हनुवटीखाली खटका लावून यायचा, मग समोर जावई का असेना. स्टँड खाली राहिला तर मागून ओरडायचा. ट्रेलरच्या चाकांना लागून रस्त्यावर येणारा चिखल दिसला की गाडी बैलगाडीच्या चालीनं चालवायचा आणि मागे बसलेली मी म्हणायचे, "उतरून चालत गेले तर लवकर पोचेन." मोठ्या गाडीच्या पुढे तरी राहा नाहीतर मागे तरी राहा, शेजारी राहू नका, हे तर त्यानं इतक्या वेळा सांगितलं की मी त्याची नक्कल करायचे. चांगली करायचे. लग्नाकार्यात लोक मुद्दाम करायला लावायचे.

त्या दिवशी काय झालं ते पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या रस्त्याला दोन्ही कडांना ट्रेलर उभे असतात, थांबायला हातभर जागा नसते. माझे चार फोन वाजेपर्यंत तो जागाच शोधत असणार. चाळीस वर्षं जे कधी केलं नाही ते पाचव्या फोनला केलं... कंटेनर यार्डाकडे वळायच्या कोपऱ्यावर, डाव्या कडेला गाडी घेतली, हेल्मेट काढलं आणि माझा फोन उचलला. कारण बहिणीचा जीव घाबरा झाला असेल, तर कोपरा बघायला वेळ कुणाला असतो? टपरीवाल्यानं सांगितलं की फोन खिशात घालून म्हातारा हेल्मेट उचलत होता, आणि उचलता उचलता हसत होता. मागून आलेला ट्रेलर वळला. तोंड पुढे गेलं, शेपूट कोपरा कापत आलं. ट्रेलरचा ड्रायव्हर रस्त्यातच खाली बसला होता आणि एकच म्हणत होता, "दिखा ही नहीं... चाचा दिखा ही नहीं." त्याच्यावर मला राग काढता येत नाही. त्या केबिनमधून काय दिसत नाही, ते मी स्वतः बसून बघितलं आहे. हेल्मेट गटाराच्या कडेला मिळालं. पट्टा उघडा, वर एक ओरखडासुद्धा नाही.

तेराव्याला लोक विचारत होते तेव्हा मी सांगितलं, "मी एक फोन केला होता." एक. भावजय शेजारी बसलेली, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मी फिरवून घेतला. आणि माझं शहाणपण एवढ्यावर थांबलं नाही. प्रणिता उरणला एका कचेरीत नोकरीला आहे, स्कूटरवर जाते. ती पुन्हा कामावर जायला लागली त्या दिवसापासून सव्वानऊ वाजले की माझा हात फोनकडे जातो. ती रस्त्यात असते, उचलत नाही. मी पुन्हा लावते. पुन्हा लावते. तिनं कचेरीत पोचून "हॅलो" म्हटलं की मग माझ्या घशाखाली चहा उतरतो.

गेल्या रविवारी मनाशी ठरवून तिच्या घरी गेले. दाराच्या आतल्या खुंटीला दत्तूचं हेल्मेट टांगलेलं होतं, नेहमीच्या जागी, कपाळावर दसऱ्याचं कुंकू तसंच. भावजय आत पडली होती. मी प्रणिताला म्हटलं, "पोरी, एक नव्हता फोन. मी तेराव्याला खोटं बोलले." तिनं कपाटातून बापाचा फोन काढला, उघडून माझ्यापुढे धरला. आलेल्या फोनांत माझं नाव, खाली खाली, पाचदा. "मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय, आत्या." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तू कधी बोलतेस ते बघत होते." मग फोन परत कपाटात ठेवत, "आन् काल मला किती केलेस?" मला आकडा माहीत होता. मी खुंटीकडे बघत सांगितलं, "सात."

मला एसटी स्टँडला सोडायचं म्हणून तिनं स्कूटरची चावी घेतली. स्वतःचं हेल्मेट घातलं, दुसरं माझ्या डोक्यावर बसवलं, बापासारखाच वाकून माझ्या हनुवटीखालचा खटका लावला, ओढून बघितला. आणि तो पट्टा हातात तसाच धरून मला म्हणाली, "आत्या, फोन एकदाच लाव. उचलला न्हाय तर समज, पोरगी गाडी चालवतेय आन् जिवंत हाय."