दोन दारांची गाडी

१२ जून. नोंदणीची मुदत संपलेली गाडी भंगारात देण्याआधी पुसत होते. पुढची सीट वाकवली आणि आमच्याकडे आलेले वयस्कर बौद्ध भिक्खू, भंतेजी आठवले. त्यांना आमच्याच दोन दारांच्या थोराड एसयूव्हीतून आणायचा हट्ट माझा होता. चोआ चू कांगला आमच्या इमारतीखाली आमची माणसं फुलं घेऊन उभी होती. मागे बसलेल्या मला उतरायला दारच नव्हतं. मला वाट द्यायला भंतेजी दुखरे गुडघे सांभाळत आधी उतरले, सीट त्यांनीच वाकवली. त्यात माझा पाय सीटबेल्टच्या पट्ट्यात अडकला. त्यांनी मिटलेली छत्री पुढे केली. "धरा ताई. बाईला हात देता येत नाही, छत्रीला नियम नाही." सगळे हसले. माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅक्सी बोलावली, त्यांच्यासाठी दार उघडून धरलं आणि ते नीट बसेपर्यंत मान वर केली नाही.