काकूंची साखळी आणि पाच टक्के

घड्याळकाकांच्या आणि माझ्या पहिल्या भेटीत मी अटक होता होता वाचलो, असं मी आजही सांगतो. बंद पडलेलं घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात शिरलो. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मध्ये उरलेली फट. तिच्यात एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावलेले काका. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. माझा हात धरला, अंगठी भिंगाखाली ओढली आणि फौजदाराच्या आवाजात विचारलं, "घडणावळ किती दिलीत?"

"ठाऊक नाही. सासऱ्यांनी दिली."

"म्हणजे सासरे लुटले गेले."

पुढे पाऊण तास माझी शिकवणी झाली. बातम्यांतला भाव हा मोठ्या बँका आपसांत सोन्याच्या विटा फिरवतात त्याचा; तोही वेळेगणिक, बाजारागणिक बदलतो. त्यावर दुकानदार वाहतूक, विमा, मजुरी आणि नफा चढवतो. दागिना जितका लहान, तितके चढाव्याचे टक्के जास्त. विकायला जा, चढावा पाण्यात, वर घट कापणार ती वेगळीच. घड्याळ तसंच बंद.

या वेडाचं मूळ डबा घेऊन येणाऱ्या काकूंनी सांगितलं. दुकान टाकायला त्यांनी गळ्यातली वीस ग्रॅमची साखळी मोडली होती आणि सोनाराने घडणावळीचा छदामही दिला नव्हता. काकांनी शब्द दिला होता : तशीच साखळी परत आणेन, पण पुन्हा कापून घेणार नाही. घडणावळ पाच टक्क्यांवर येऊ दे.

पैसे तयार होते. दर शनिवारी काका सात दुकानं पालथी घालत. चौदा टक्के, बारा टक्के, एकदा तर नऊ. नऊलाही परत फिरले. अशी सतरा वर्षं गेली आणि तेवढ्या काळात सोन्याचा मूळ भावच अडीच पट झाला. वीस ग्रॅमचे पैसे जेमतेम आठ ग्रॅमला पुरतील एवढेच राहिले. साऱ्या गल्लीला भाव समजावणाऱ्या माणसाला एवढं दिसलं नाही.

"अहो, माझा गळा म्हातारा झाला, तुमचे टक्के मात्र अजून वयात यायचेत," काकू म्हणायच्या. मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, पितळेची आणा म्हणावं यांना, पण मी असेपर्यंत आणा."

आम्ही पोट धरून हसायचो. काकाही हसायचे.

मग काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी महिन्यांची नाही, दिवसांची भाषा केली. त्याच दुपारी काका मला हॉस्पिटलसमोरच्या दुकानात घेऊन गेले. साखळी आठ ग्रॅमची होती. दुकानातल्या बाई जरा चाचरतच म्हणाल्या, "घडणावळ अठरा टक्के पडेल."

"द्या," काका म्हणाले. भिंग खिशातून निघालं नाही.

वॉर्डात नर्सने अडवलं. तपासणीला न्यायचंय, अंगावर धातू नको, नंतर घाला. काकूंनी साखळी तळहातावर घेऊन वरखाली केली.

"हलकी आणलीत."

काका पावतीची घडी घालत राहिले.

"असू दे. जड मला पेलली नसती आता," म्हणत त्यांनी ती काकांच्या हातात परत ठेवली. तपासणीहून आणलं ते बेशुद्धच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

साखळी काकांनी भाचीला दिली. तिने ती मोडून कानातले केले.