चारी पाय टेकल्यावर

चाचा उजवा हात पुढं करत आणि तळवा जमिनीकडं धरून इतका हळू खाली आणत, की बघणाराही श्वास रोखून धरायचा.

उद्यमनगरातल्या आमच्या ओतकामाच्या फौंड्रीत चाचा मिस्त्री होते आणि मी सुपरवायझर. तिथं वाळूच्या साच्याची वरची पेटी साखळीनं खालच्या पेटीवर सोडताना कुणी बोलायचं नाही, अशी रीत होती. बोलायचा तो चाचांचा तळवा. पेटी तिरकी टेकली की आतली वाळू ढासळायची, सगळा साचा वाया. नीट बसली, की चाचा म्हणत, "उतरलं गा चंद्रावर!"

पुढं आमच्या भागात लग्न पार पडलं, म्हैस सुखरूप व्याली, तरी लोक हेच म्हणू लागले. आणि हे बोलणं माझं, असं सगळे समजतात. गणपतीतल्या भाषणात मी ते वापरलं, टाळ्या घेतल्या, चाचांचं नाव घेतलं नाही. पहिल्या रांगेत बसून तेही टाळ्या वाजवत होते. ते अजून टोचतं.

या बोलण्याचं मूळ एकोणसत्तर सालचं. चहाच्या गाड्यावर रेडिओ लागला होता. माणसं चंद्रावर गेल्याचं कानावर पडताच आम्ही ओरडलो, "पोचली!"

"गप बसा की रं!" चाचा खेकसले. "पोचणं येगळं, टेकणं येगळं. पाय टेकलं का त्ये ऐका आधी."

यान चारी पायांवर अलगद टेकल्याचं निवेदकानं सांगितलं, तेव्हाच त्यांनी कप उचलला. "आता उतरलं."

पुढं त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मी उठलोच.

"चाचा, उतरलं की चंद्रावर!"

त्यांचा तळवा हवेत थांबला होता. "दम धरा, सायेब. पोरीचं कळू दे."

बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. "मायलेकी दोघी बऱ्या आहेत."

तळवा हळूहळू खाली आला, गुडघ्यावर टेकला. डोळे पुसत ते हसले. "हां, आता म्हणा. तुमचंच बोलणं की त्ये!"

"तुमचं हाय, चाचा. तुम्हीच म्हणा."

नात हातात आल्यावर ते म्हणाले, पण तिची झोप मोडू नये इतक्या हळू.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी घाईनं "उतरलं" म्हणालं, की माझा हात आपोआप पुढं होतो, तळवा जमिनीकडं.